टॅपेट वाजतंय तोवर बरं

दर वर्षी इंजिनाचं टॅपेट कशाला उघडतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हर्णै बंदराजवळ माझी जुनी मिनीबस, जिचं मी घर केलंय, उभी दिसली की माणसं आधी विचारतात संडास कुठे आहे, मग ॲव्हरेज किती देते. मागे, आणि नऊ. पावसाळ्यात इंजिन उघडून बसलेला दिसलो तर तिसरा प्रश्न येतो, "एवढी शांत चालतेय गाडी, मग दर वर्षी टॅपेट कशाला उघडता?"

शांत चालतेय म्हणूनच उघडतो.

व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरात हवा घेणारी (इनलेट) नि धूर सोडणारी (एक्झॉस्ट) झडप. ती आणि तिला दाबणारा रॉकर नावाचा दांडा यांच्यात, इंजिन थंड असताना, जराशी फट ठेवलेली असते. ही फट बघणं म्हणजेच टॅपेट बघणं. तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, ती वाढ त्या फटीत जिरते. एक्झॉस्टचा जास्त तापतो म्हणून त्याची फट सहसा मोठी. कमिन्सच्या 5.9 लिटरच्या जुन्या 6बीटी इंजिनाला इनलेट 0.25 आणि एक्झॉस्ट 0.51 मिलिमीटर. माझं इंजिन लहान, त्याचे आकडे वेगळे. तुमचे तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा, शेजाऱ्याचे घेऊ नका. काही इंजिनांत ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात, त्यांना ही भानगडच नाही.

फट वाढली की टकटक ऐकू येते आणि माणूस आपोआप गॅरेज गाठतो. पण कमी झाली तर? 2000 आरपीएमला एकेक व्हॉल्व्ह मिनिटाला 1000 वेळा सीटवर, म्हणजे मिटताना टेकतो त्या कडेवर, आपटतो. आपटून आपटून सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, वर सरकतो आणि फट खाऊन टाकतो. आवाज उलट कमी होतो, आपल्याला वाटतं इंजिन छान बसलंय. मग एक दिवस तो पुरता मिटतच नाही. मिटलेला असतानाच तो सीटला टेकून अंगातली उष्णता सोडत असतो. टेकला नाही की जळतो.

हे मी पैसे मोजून शिकलो. सकाळी गाडी लवकर उठेना, उठली की पांढरा धूर. आधी बॅटरी बदलली, मग डिझेल फवारणारे नोझल करून आणले. कशेडीला तेव्हा बोगदा नव्हता, आणि घाटात गाडी दुसऱ्या गिअरलाही दम टाकायला लागली. शेवटी बोटींची इंजिनं करणाऱ्या इथल्या मेस्त्रींनी कव्हर काढून तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्टचा रॉकर बोटांनी हलवून बघितला. हलेना. "काका, टॅपेट कधी बघितलेलंत?" सहा वर्षांत एकदाही नाही. हेड उतरवलं तर व्हॉल्व्हची कड उंदराने पापड कुरतडावा तशी गेलेली.

तेव्हापासून मी हे काम दर पावसाळ्यात काढतो, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी शाकारलेल्या असतात, त्या दिवसांत. माझी गाडी वर्षात फार पळत नाही, म्हणून किलोमीटर मोजत बसण्यापेक्षा पावसाळा धरलेला बरा. इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, म्हणजे घरातच. बाहेर पाऊस कोसळत असला तरी काम अडत नाही. चादरींना ऑइलचा वास लागतो, ती तक्रार वेगळी.

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. क्रँक पुलीला पाना लावून हाताने फिरवायचं. चार सिलिंडरला बेरीज पाचची: चौथ्याचे दोन्ही रॉकर एकदम हलले, एक मिटतोय नि दुसरा उघडतोय, की पहिला करायचा, तिसऱ्याचे हलले की दुसरा. फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची, पट्टी ऑइल लावून फटीत सरकवली की ओढताना कोणीतरी पलीकडून हलकेच धरलंय असं वाटलं पाहिजे. खेचावी लागली तर टाइट, नुसती घसरली तर ढिली. खरी फसगत लॉकनटशी, म्हणजे फट ठरवणारा स्क्रू जागेवर धरणाऱ्या नटाशी. स्क्रू स्क्रूड्रायव्हरने धरून ठेवला तरी नट आवळताना केसभर फिरतोच, म्हणून आवळल्यावर पट्टी पुन्हा घालायची. मला एका व्हॉल्व्हला तीन-तीनदा करावं लागतं, मेस्त्री एकदाच करतात.

बहुतेक वर्षी काही हलवावं लागत नाही, कव्हरचं पॅकिंग बदलायचं नि चहा प्यायचा. यंदा मात्र तोच तिसऱ्याचा एक्झॉस्ट. पट्टी शिरेचना. स्क्रू जरासा मागे घेतला, कव्हर बसवलं, सेल्फ मारला. बारीक टिकटिक सुरू झाली.

"घ्या," बायको आतून म्हणाली, "चांगली चालत होती."