कांदाचाळीसाठी बारा बोर्ड आणि एक हॉट प्लेट

मामाची कांदाचाळ लासलगावजवळ आहे. उन्हाळी कांदा एप्रिलमध्ये चाळीत पडतो आणि भावाची वाट बघत पार दिवाळीपर्यंत राहतो. गेल्या पावसाळ्यात मधल्या थरातला कांदा सडला, आणि वास बाहेर येईपर्यंत कोणालाच पत्ता लागला नाही. तेव्हा मामा म्हणाला, "तू इलेक्ट्रॉनिक्स शिकलीस ना, मग आत किती दमट झालंय ते ओट्यावर बसून कळेल असं काहीतरी कर की." मी हो म्हटलं.

सर्किट अवघड नव्हतं. अडचण होती ती आर्द्रता मोजणाऱ्या एसएचटी३१ या सेन्सरची. अडीच मिलिमीटर बाय अडीच मिलिमीटर एवढा जीव, आणि त्याला पायच नाहीत. आठ बारीक पॅड, म्हणजे सोल्डर लागायचे धातूचे चपटे तुकडे, पोटाशी आणि मधोमध एक मोठा पॅड. सोल्डरिंग गनचं टोक तिथे पोचूच शकत नाही. हॉट एअरने एकदा करून पाहिलं, तर शेजारचे ०६०३ मापाचे रेझिस्टर, म्हणजे १.६ बाय ०.८ मिलिमीटरचे तुकडे, फुंकरीसरशी उडाले. शिवाय या सेन्सरला हवा आत घेण्यासाठी वरच्या बाजूला उघडं भोक असतं, त्यावर गरम झोत मारायला माझं मन धजेना. खालून उष्णता द्यायची तर हॉट प्लेट. माझे सगळे एसएमडी भाग, म्हणजे भोकात न जाता बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणारे, बोर्डाच्या एकाच बाजूला होते, म्हणून हा मार्ग जमणार होता.

पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या बाजूच्या एका दुकानातून १०० बाय १०० मिलिमीटरची ॲल्युमिनियमची प्लेट आणली. तिला दोन पिनांचाच प्लग होता. २३० व्होल्टवर चालणारी धातूची उघडी पाटी, तिच्यावर आपण चिमटा टेकवणार, आणि अर्थिंग नाही. मल्टिमीटर लावला तर प्लेट आणि घरच्या अर्थिंगमध्ये शंभरच्या आसपास व्होल्ट दिसले. पहिलं काम तेच केलं. ओळखीच्या वायरमनकडून तीन तारांची वायर घालून घेतली आणि प्लेटच्या अंगाला स्क्रूने अर्थिंग जोडून घेतलं. हे केल्याशिवाय कोणीही अशी प्लेट वापरू नये, एवढं मी ठासून सांगते.

सोल्डर पेस्टचा, म्हणजे सोल्डरची (डाखाची) बारीक भुकटी आणि डाख नीट पसरायला मदत करणारा फ्लक्स यांच्या लगद्याचा, विचार बराच केला. नेहमीची कथील-शिशाची ६३/३७ पेस्ट १८३ अंशांना वितळते, बिनशिशाची प्रचलित पेस्ट २१७च्या पुढे. मी कथील आणि बिस्मथची ४२/५८ पेस्ट घेतली, ती १३८ अंशांनाच वितळते. घरात लहान भाचा असतो, म्हणून शिसं नको होतं. बोर्ड ज्याचा बनतो ते एफआर४ हे काचतंतूंचं साहित्यसुद्धा १३०-१४० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, तेव्हा जितकं कमी तापवावं तितकं बरं. या मिश्रधातूचे सांधे ठिसूळ असतात हे माहीत होतं, पण चाळीत टांगून ठेवायच्या वस्तूला फारसे धक्के बसत नाहीत. बॅटरीचा कनेक्टर मात्र पुन्हा पुन्हा ओढला जातो, तो नंतर हाताने, बिनशिशाच्या तारेने लावला. शिशाची तार मुद्दाम टाळली. बिस्मथच्या सांध्यात शिसं मिसळलं तर ९६ अंशांच्या आसपास वितळणारा मिश्रधातू तयार होतो आणि सांधा कमकुवत राहतो.

पेस्ट थंड ठेवावी लागते. आईने फ्रिजमध्ये दुधाशेजारी ती ठेवू दिली नाही, आणि तिचं बरोबरच होतं. मग लहान सिरिंज घेतली, मैत्रिणीच्या वर्कशॉपमधल्या फ्रिजमध्ये ठेवली आणि कामाच्या दिवशी सकाळीच आणली. थंड सिरिंज लगेच उघडली की हवेतली वाफ पेस्टवर जमते आणि मग ती तापताना तडतडून सोल्डरचे बारीक गोळे उडतात. म्हणून चार तास टेबलावर नुसती ठेवली.

पॅडांच्या जागी भोकं असलेलं ०.१२ मिलिमीटर जाडीचं स्टीलचं स्टेन्सिल बोर्डांबरोबरच मागवलं होतं. बोर्ड हलू नये म्हणून त्याच जाडीचे दोन रद्दी बोर्ड काटकोनात चिकटवले आणि कोपऱ्यात खरा बोर्ड बसवला. पेस्ट घट्ट चक्क्यासारखी असते. ती स्टेन्सिलवर घालून, जुनं प्लास्टिकचं कार्ड ४५ अंशांत धरून, एकाच दमात, एकदाच ओढायचं. मी पहिल्यांदा दोनदा ओढलं आणि सेन्सरच्या पॅडांमध्ये सगळा राडा झाला. पुसून पुन्हा केलं.

पहिला बोर्ड प्लेटवर ठेवला तेव्हा प्लेटच्या आकड्यावर माझा विश्वास होता. १६५ लावलं आणि वाट बघत बसले. मधले भाग चमकले, कडेची पेस्ट करडीच राहिली. इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला, तर तो ८० सांगायला लागला. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खोटंच बोलतो, कारण अशा पृष्ठभागातून उष्णतेचे किरण फार कमी बाहेर पडतात. शेवटी मल्टिमीटरबरोबर आलेला के-टाइप थर्मोकपल, म्हणजे टोकाशी तापमान मोजणारी तार, काढला. आधी उकळत्या पाण्यात बुडवून पाहिला. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि मीटरनेही ९८ दाखवलं. मग तो एका रद्दी बोर्डाच्या तांब्यावर कॅप्टॉन या उष्णता सोसणाऱ्या टेपने चिकटवला. प्लेटवर १९० लिहिलेलं असताना बोर्डावर १५८ होते. मधोमध आणि कोपऱ्यात वीस अंशांहून जास्त फरक होता.

त्या दिवसापासून प्लेटचा आकडा मी फक्त खूण म्हणून वाचते. खरा आकडा बोर्डावरचा. माझा क्रम असा बसला: बोर्ड मधोमध, आधी बोर्डावर १२० अंश येईपर्यंत हळू तापवायचं, तिथे दीड मिनिट थांबायचं, मग १६५ पर्यंत न्यायचं, सगळं वितळल्यावर आणखी पाऊण मिनिट, आणि प्लेट बंद. पंखा खिडकीकडे तोंड करून लावायचा, म्हणजे फ्लक्सचा धूर बाहेर जातो. प्लेटवर वारा येऊ द्यायचा नाही.

वितळण्याचा तो क्षण मी बारा वेळा पाहिला, तरी जवळ तोंड नेऊन तसाच बघते. आधी फ्लक्स पातळ होऊन पॅडांभोवती पसरतो, पेस्ट कोरडी, दाणेदार दिसायला लागते. काही सेकंद वाटतं की काहीच होणार नाही. मग एका कोपऱ्यातून चमक सुटते आणि बोर्डभर धावत जाते. चिमट्याने तिरपा बसलेला रेझिस्टर या वेळी आपणहून सरळ होतो. पातळ डाखाचा पृष्ठताण त्याला दोन्ही बाजूंनी सारखा ओढून पॅडाच्या मधोमध आणून बसवतो. सेन्सरही असाच किंचित फिरून जागेवर बसला. माझ्या हाताने एवढं नेमकं कधीच बसलं नसतं.

पण तोच ताण उलटाही पडतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बोर्डावर एकच कपॅसिटर खांबासारखा उभा राहिला. त्याचा एक पॅड ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला सरळ जोडलेला होता. ते तांबं उष्णता पिऊन घेत होतं, त्यामुळे दुसऱ्या टोकाचा डाख आधी वितळला आणि त्याने भाग उचलून उभा केला. चूक माझ्याच डिझाइनची होती. त्या पॅडाला बारीक आऱ्यांनी जोडायला हवं होतं. १२० अंशांवरचा दीड मिनिटाचा मुक्काम मी तेव्हापासूनच सुरू केला. दोन्ही टोकं सारखी तापली आणि पुढचे सगळे कपॅसिटर आडवे राहिले.

सेन्सरच्या पोटाखालचा मोठा पॅड हा दुसरा त्रास. तिथे पेस्ट जास्त झाली की चिप तिच्यावर तरंगते आणि कडेचे पॅड टेकत नाहीत. डाख पातळ असताना चिमट्याने चिपला वरून अगदी हलका स्पर्श केला की जादा डाख बाजूला येतो. हे तीन बोर्डांवर करावं लागलं. मग चौथ्यापासून स्टेन्सिलमधल्या त्या मोठ्या पॅडाच्या भोकाचा निम्म्याहून थोडा कमी भाग टेपने झाकला. प्रत्येक बोर्ड थंड झाल्यावर मल्टिमीटरने शेजारशेजारच्या पॅडांमध्ये शॉर्ट बघितला. नऊ बोर्ड पहिल्याच खेपेला चालले, तीन दुरुस्त केले.

बोर्ड धुतले मात्र नाहीत. पेस्ट नो-क्लीन, म्हणजे धुवावा न लागणाऱ्या, फ्लक्सची घेतली होती ती याचसाठी. अल्कोहोल सेन्सरच्या भोकात गेलं तर माप बिघडतं.

आणि तरीही माप बिघडलेलं दिसलं. घरातल्या आर्द्रतामापकापेक्षा सगळे सेन्सर पाच-सहा टक्के कमी दाखवत होते. क्षणभर वाटलं, सगळे भाजले. पण प्लेटच्या उष्णतेने सेन्सरमधला पॉलिमर कोरडा पडतो, आणि त्याला पुन्हा ओलावा द्यावा लागतो. त्यासाठी स्वयंपाकघरातलं मीठच पुरतं. झाकणाच्या डब्यात मीठ आणि ते फक्त भिजेल एवढंच पाणी घातलं, तर आतल्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांना येऊन थांबते. वाटीत ओलं मीठ, शेजारी उंचावर बोर्ड, झाकण घट्ट. रात्री ६९ दिसत होते. सकाळी चहाच्या आधी पाहिलं, बाराही बोर्ड ७३ ते ७६ च्या मध्ये.

दहा बोर्ड आता चाळीत बांबूंना बांधलेत, प्रत्येक थरात तीन-तीन आणि एक बाहेर वळचणीला. दोन मी इकडे ठेवलेत. महिन्यातून एकदा ते मिठाच्या डब्यात घालते आणि ७५ दाखवतात का ते मामाला फोनवर कळवते.