सांजच्याला गुरगुरणारा एलिमिनेटर

परभणीकडच्या एका गावात हरिनाम सप्ताह बसला होता. मंडपवाल्यानं २४ व्होल्टचा एलिमिनेटर (बॅटरीऐवजी मेन्सवरून अ‍ॅम्प्लिफायरला डीसी देणारा डबा) टेबलावर ठेवला आणि तक्रार एका वाक्यात सांगितली, "भाऊ, दिवसा गप राहतंय, सांजच्याला हरिपाठ सुरू झाला की गुरगुरायलंय." तोच अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीवर चिडीचूप. म्हणजे दोष एलिमिनेटरचाच.

उघडला. २४ व्होल्टचा जाड ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ३५ अँपिअरचा ब्रिज, १०,००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर. पुढे कुणीतरी एकच २एन३०५५ ट्रान्झिस्टर टाकून त्याच्या बेसला, म्हणजे तो किती उघडायचा हे ठरवणाऱ्या टोकाला, २४ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा डायोड) दिलेला. लोड म्हणून ट्रकच्या हेडलाइटचे दोन बल्ब समांतर जोडले, साधारण ६ अँपिअर. २३० व्होल्टला आउटपुट स्वच्छ. डिमरस्टॅट (मेन्सचं व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) १९०वर आणला आणि स्कोपच्या पडद्यावर १०० हर्ट्झचे दात उभे राहिले. संध्याकाळी गावात व्होल्टेज तेवढंच उरतं.

कारण साधं आहे. २३०ला कपॅसिटरवरचं व्होल्टेज ३१ ते २८.६ असं हलत होतं; या हेलकाव्यालाच रिपल म्हणतात. झेनरला पुरेशी जागा होती. १९०ला ते २५ ते २२.६ झालं. दरीचा तळ झेनरच्या खाली गेला की ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो आणि वरचा रिपल जसाच्या तसा खाली उतरतो. शिवाय २३०ला याच एकट्या ट्रान्झिस्टरमध्ये ३६ वॉट जळत होते, तेही मे महिन्याच्या मराठवाड्यात.

गुरगुर घालवायला पक्कं २४ लागतच नाही. बेसला झेनरऐवजी रेझिस्टर-कपॅसिटर दिले की बेस इनपुटच्या सरासरीमागे चालतो. मेन्स पडली की आउटपुटही पडतं, पण गुळगुळीत राहतं. याला कपॅसिटन्स मल्टिप्लायर म्हणतात. खरी पंचाईत ट्रान्झिस्टरची निवड हीच.

२एन३०५५चा गेन (बेस करंटच्या किती पट करंट सोडतो ते) ४ अँपिअरला किमान २०, १० अँपिअरला किमान ५. सहा अँपिअरला ३०० मिलिअँपिअर बेस करंट लागला, तर बेसच्या १०० ओहम रेझिस्टरमध्येच ३० व्होल्ट पडतील! रेझिस्टर कमी करावा तर फिल्टर उरत नाही. बाजारात डब्यात चिमुकली चिप घातलेले नकली नगही फिरतात. टीआयपी१४२ डार्लिंग्टन (एकात दोन ट्रान्झिस्टर) आहे, ५ अँपिअरला गेन किमान १०००, मोह होतो. पण शॉर्ट झाला तर १० अँपिअरचा एकटा नग फ्यूज उडायच्या आधी जातो. आयआरएफपी२६०सारख्या मॉसफेटला गेटवर (त्याच्या बेससारख्या टोकावर) चार-साडेचार व्होल्ट द्यावे लागतात. १९०ला तेवढे आपल्याकडे नाहीत. शिवाय असे मॉसफेट स्विचिंगसाठी बनवलेले, अर्धवट उघडे ठेवले की चिपवर एकाच जागी तापतात.

शेवटी तीन टीआयपी३५सी समांतर घेतले, एकेक २५ अँपिअरचा. प्रत्येकाच्या एमिटरला (करंट बाहेर पडतो त्या टोकाला) ०.१ ओहम, नाहीतर जो आधी तापतो तोच सगळा करंट ओढतो. त्यांना हाकायला एक टीआयपी४१सी. आठ अँपिअरलाही त्याच्या बेसला सुमारे १० मिलिअँपिअरच लागतात. बेसकडे ४७ ओहम, १००० मायक्रोफॅरड, पुन्हा ४७ ओहम, पुन्हा १००० मायक्रोफॅरड. दुसऱ्या कपॅसिटरला २.२ किलोओहम, १ वॉट समांतर. त्यानं बेस सरासरीच्या सव्वा व्होल्ट खाली बसतो आणि रिपलच्या तळाला जागा मिळते. झेनर ठेवलाच, पण ३० व्होल्टचा, ५ वॉटचा, फक्त छत म्हणून. रात्री मेन्स २५०ला गेली तर अ‍ॅम्प्लिफायर वाचावा एवढ्यासाठी. एमिटरकडून कलेक्टरकडे ६ अँपिअरचा उलटा डायोड आणि मोठ्या कपॅसिटरनंतर १० अँपिअरचा जलद फ्यूज.

ट्रान्झिस्टरची धातूची पाठ म्हणजेच कलेक्टर, आणि हीटसिंक बॉडीला लागणार, म्हणून मधे अभ्रक घातलं आणि बसवल्यावर कलेक्टर ते बॉडी मीटरनं तपासलं. अभ्रकाला टोचलेली धातूची एक बारीक बुरीही शॉर्ट करते.

चालू केलं. हिशेबानं आउटपुटवर चार-पाच मिलिव्होल्ट रिपल यायला हवा होता, आले ४०. ट्रान्झिस्टरवर संशय घेण्यात अर्धा तास गेला, तो फुकटच. बेसच्या कपॅसिटरचं निगेटिव्ह मी ब्रिज आणि मोठ्या कपॅसिटरमधल्या वायरवर टाकलं होतं. त्या वीतभर वायरमधून चार्जिंगचे २५ अँपिअरचे ठोके जातात. दीड मिलिओहमलाही तिथं ३७ मिलिव्होल्ट उभे राहतात आणि ते थेट बेसवर चढतात. ते टोक काढून आउटपुटच्या निगेटिव्ह टर्मिनलवर डाग दिला. स्कोप ६ मिलिव्होल्टवर.

आता तिन्ही नगांत मिळून वीसेक वॉटच जळतात. १९०ला आउटपुट २०.६ व्होल्ट, रेष सरळ.

दुसऱ्या दिवशी फोन आला. गुरगुर गेली, पण सांजच्याला आवाज जरा बसतो. तो बसणारच; त्याला ट्रान्झिस्टर नाही, ट्रान्सफॉर्मरला २७ व्होल्टचं टॅपिंग (जास्त व्होल्टेजचं टोक) लागेल. सप्ताह उरकला की घेऊन ये म्हणालो.