आमची वाटचाल: आण्णांची वही

आमचे वडील, आण्णा, गेले त्याला या पावसाळ्यात वर्ष होईल. जुनी गिऱ्हाइकं अजून दुकानात शिरताना विचारतात, "फौजदार कुठं दिसत नाहीत?" सांगितलं की खुर्ची ओढून बसतात आणि मग आठवणी निघतात. एकदा हे सगळं नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. लाकडी फर्निचरचा हा धंदा आज मी आणि माझा धाकटा भाऊ बघतो, पण तो उभा केला आण्णांनी, तोही आयुष्यभर नोकरी करून झाल्यावर.

आण्णा सांगली जिल्हा पोलीस दलात शिपाई म्हणून लागले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. मधली बरीच वर्षं ते मुद्देमाल कारकून होते. जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूला लेबल लावायचं, लाखेचं सील करायचं, रजिस्टरला नोंद घ्यायची. कोर्टात नेली की नोंद, परत आली की पुन्हा नोंद. सायकलीपासून चांदीच्या पैंजणापर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात. कधी चोरीचं लाकूडही यायचं आणि खटला संपेपर्यंत ठाण्याच्या आवारात ऊनपाऊस खात पडायचं. कुठलं तडकतं, कुठल्याला भुंगा लागतो, कुठलं वरून काळं पडलं तरी आत जसंच्या तसं राहतं, हे आण्णा येता-जाता बघायचे. ठाण्यातली मोडकी बाकंही तेच ठोकठाक करून उभी करायचे.

2005 च्या पुरात त्यांची ड्युटी सांगलीच्या गावभागात होती. आधी माणसं बाहेर काढायची आणि पाणी उतरल्यावर घराघरांतून फिरायचं. घरी आल्यावर ते आईला सांगायचे की आजीच्या काळातला सागवानी पलंग चिखलात तसाच उभा आहे, आणि मागच्या दिवाळीला हप्त्यानं घेतलेल्या कपाटाचा मात्र बुडाकडून लगदा झालाय. लोक त्या लगद्याकडे बघून रडत होते, कारण हप्ते अजून फिटायचे होते. ही गोष्ट आण्णांच्या मनातून गेली नाही. निवृत्त झाल्यावर काय करायचं, ते तेव्हाच त्यांच्या डोक्यात पक्कं झालं असावं.

आईला हे पटलं नव्हतं. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत ठेवायचे सोडून माणूस कर्नाळ रस्त्याला पत्र्याचं शेड भाड्यानं घेतो आणि त्यात करवत मशीन बसवतो म्हटल्यावर कुठल्या बाईला पटेल? नातेवाइकांनी सिक्युरिटी एजन्सी काढा म्हणून सुचवलं, त्यात ओळखीही कामी आल्या असत्या. आण्णांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एका सुतार मिस्त्रींकडे शिकायला जाऊन बसले.

मिस्त्री त्यांच्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान. फौजदारांना चुका कशा सांगायच्या, म्हणून सुरुवातीला ते गप्पच बसायचे. शेवटी एकदा आण्णाच म्हणाले, "मिस्त्री, इथं साहेब तुम्ही. माझा रंधा वाकडा चालला तर हात धरून थांबवा." तेव्हापासून मिस्त्री मोकळे झाले. रंधा, पटाशी, गुण्या, गिरमिट, एकेक हत्यार आण्णांनी हातात बसवलं. कुसू, म्हणजे सांध्यासाठी लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ, करून खाचेत बसवायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. कुसू सैल झालं तर सांधा हलतो आणि जास्त घट्ट झालं तर लाकूड चिरतं. हातानं दाबल्यावर निम्मं जावं आणि उरलेलं लाकडी हातोड्याच्या दोन ठोक्यांत बसावं, असं मिस्त्रींचं माप होतं. आज आमच्याकडे नवीन पोरगा आला की त्यालाही हेच माप शिकवतो. लाखेचं पॉलिश कसं चढवायचं ते आण्णा मिरजेत सतारमेकर गल्लीत तासन्‌तास बसून बघायचे. तिथले कारागीर फडक्याची बोंडी करून पातळ हात मारतात, वाळू देतात, पुन्हा मारतात. घाई केली की पांढरे डाग उठतात, म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात पॉलिशला वेळ लागतो. गिऱ्हाइकांनी तेवढं समजून घ्यावं.

सुरुवातीला पाट, चौरंग, देव्हारे केले. नाव झालं ते खुर्चीनं. बंदोबस्तात उभं राहून राहून आण्णांचे आणि त्यांच्या जोडीदारांचे गुडघे गेलेले. बाजारातल्या खुर्चीत बसलं की उठायला कुणाचा तरी हात लागायचा. आण्णांनी बैठक एकोणीस-वीस इंचांवर घेतली आणि हात थेट बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आणले. पुढचं टोक मुठीत येईल असं गोल केलं, म्हणजे माणूस दोन्ही हातांवर भार देऊन स्वतःचा स्वतः उठतो. पाठ थोडी कललेली, पण आरामखुर्चीएवढी नाही. पहिल्या खुर्च्या निवृत्त पोलिसांनीच नेल्या. पुढं त्यांच्या शेजाऱ्यांनी आणि मग शेजाऱ्यांच्या व्याह्यांनी. आजही आमच्याकडे सगळ्यात जास्त खपते ती हीच.

आता वहीबद्दल. आण्णांनी पहिल्या दिवसापासून प्रत्येक वस्तूची नोंद ठेवली, आणि ती त्यांच्या ठाण्यातल्या भाषेत. एक नोंद जशीच्या तशी देते: "सदर कपाटाचे दोन्ही दरवाजे व चौकट सागवान असून पाठीमागील फळी प्लायवूडची आहे. उजव्या दरवाजाचे वरील कोपऱ्यात एक गाठ आहे, ती ग्राहकास समक्ष दाखविली." लाकूड कुठल्या वखारीतून आणलं, वनखात्याच्या वाहतूक पासाचा नंबर काय, सांधे कुणी केले, पॉलिशचे हात किती, सगळं त्यात यायचं. ते म्हणायचे, पंचनाम्यात डोळ्याला दिसलं तेवढंच लिहितात, बिलातही तेवढंच लिहायचं.

हे बोलायला सोपं आहे, फर्निचरच्या धंद्यात पाळायला अवघड. सागवान म्हटलं तरी त्यात किती प्रकार! बल्लारशाचा साग वेगळा आणि घाना किंवा इक्वाडोरहून येणारा लागवडीचा साग वेगळा. गाभ्याचं लाकूड टिकतं, सालीजवळच्या पांढऱ्या लाकडाला कीड लवकर धरते, आणि पॉलिशला रंग घातला की दोन्ही सारखंच दिसतं. आण्णा बिलावर 'परदेशी साग' असं स्पष्ट लिहायचे. त्यामुळे काही गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली, कारण तिथं त्याच लाकडाला नुसतं 'सागवान' म्हणत. पास आणि वनखात्याचा शिक्का नसलेला ओंडका कितीही स्वस्त मिळाला तरी शेडमध्ये येऊ दिला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांकडून जप्त केलेला माल सांभाळलेला माणूस, त्याला असलं लाकूड कसं चालणार?

उधारी मात्र त्यांना जमली नाही. एका बांधकामवाल्यानं बऱ्याच फ्लॅटांचं काम करून घेतलं आणि शेवटचे पैसे बुडवले. "आण्णा, जुनी खाकी घालून एकदा जाऊन या," असं लोक म्हणायचे. ते गेले नाहीत. गणवेश सरकारनं सरकारच्या कामाला दिला होता, एवढंच म्हणाले. ती रक्कम आम्ही सोडली, पण तेव्हापासून निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय काम धरत नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेली. इथं 45 फूट ही धोक्याची पातळी, म्हणजे कर्नाळ रस्त्याची काय अवस्था झाली ते सांगलीकरांना सांगायला नको. पाणी चढायच्या आधी आण्णांनी मशीनच्या मोटारी काढून घरी आणल्या आणि सागाच्या फळ्या दोरखंडानं खांबांना बांधल्या, नाहीतर त्या तरंगत निघून गेल्या असत्या. पाणी उतरल्यावर शेडमध्ये गेलो तर प्लायवूडचं अर्धवट काम फुगून सुटलेलं. नुसत्या सरसावर चिकटवलेले सांधे उघडले होते. कुसू बसवून लाकडी खुंटी मारलेल्या खुर्च्या चिखलानं माखल्या होत्या, पण एकही पाय हलत नव्हता. आण्णांनी पहिल्यांदा स्वच्छ पाण्यानं सगळा गाळ धुवून काढायला लावला, कारण गाळ लाकडाच्या रेषांत वाळला की निघत नाही. फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून सावलीत थप्पी लावली. उन्हात ठेवल्या असत्या तर पीळ पडला असता.

त्याच दिवसांत गल्लीत नुकसानीचे पंचनामे सुरू झाले. आण्णा शेजाऱ्यांच्या दारोदारी कागद घेऊन बसले. "'घरातील सामानाचे नुकसान' असं मोघम लिहू नका," ते सांगायचे. "कपाट किती फुटी, कशाचं, आज कुठल्या स्थितीत आहे, ते लिहा." म्हाताऱ्या बायकांच्या याद्या त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिल्या. आमच्या शेडचा पंचनामा करायला माणसं आली तेव्हा तो सागही यादीत धरू का, असं त्यांनी आपणहून विचारलं. आण्णांनी मान हलवली. "तो धुवून वापरात येणार आहे, तो धरू नका." भाऊ त्या दिवशी त्यांच्यावर चिडला होता. पैशांची खरंच ओढ होती, हेही तितकंच खरं. पुढं त्याच फळ्यांच्या खुर्च्या झाल्या आणि प्रत्येकीच्या बिलावर 'पुरात भिजलेले व वाळविलेले लाकूड' असं लिहून आण्णांनी त्या थोड्या कमी भावानं दिल्या. सगळ्या खपल्या.

लॉकडाऊन, 2021 चा पूर, ते दिवस कसेबसे निघाले. त्यानंतर आम्ही शेड कुपवाड एमआयडीसीत हलवलं. तिथं पुराची धास्ती नाही. मिस्त्री आता रोज येत नाहीत, पण कुठल्या सांध्यावर अडलं की फोन करतो आणि ते येतात. आण्णांचं अक्षर शेवटच्या वर्षात कापायला लागलं होतं, तरी नोंद मी सांगायची आणि सही ते करायचे. आता नोंद मी लिहिते आणि सही भाऊ करतो. लोकांनी संगणकावर घ्या म्हणून सुचवलं, तेही केलंय, पण वही बंद केलेली नाही.

तुमच्या घरी आमची खुर्ची, पलंग किंवा कपाट असेल तर खालच्या नाहीतर मागच्या बाजूला पटाशीनं कोरलेला नंबर सापडेल. तो नंबर घेऊन या, अगदी पहिल्या वर्षातला असला तरी चालेल. लाकूड कुठलं, सांधे कुणी केले, ते वहीत बघून सांगतो. पॉलिश उडालं असेल तर पुन्हा चढवून देतो आणि खुंटी सैल झाली असेल तर ती बदलण्याचे पैसे घेत नाही.