तीस सेकंदांत बाद झालेली डिस्क

डेबियन लिनक्सवर महिन्याच्या पहिल्या रविवारी रेडची (अनेक डिस्क जोडून केलेल्या एकत्र साठ्याची) तपासणी आपोआप सुरू होते. त्या रात्री ती अर्ध्यावर थांबली. सकाळी एमडीस्टॅट, म्हणजे रेडची स्थिती दाखवणारी फाइल, उघडली तर [यूयू_यू]: यू म्हणजे चालू डिस्क, रेघ म्हणजे गळालेली. चार-चार टीबीच्या चार डिस्कचा रेड-५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारा), त्यातली तिसरी बाहेर.

नवी डिस्क लावायला हात शिवशिवतात, पण उरलेल्या तिघींपैकी एकीवरही न वाचता येणारा सेक्टर निघाला की रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारणं) तिथेच अडकतो. म्हणून आधी चारही डिस्कचं स्मार्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, वाचलं. तिघी स्वच्छ. बाहेर पडलेलीवर नोंद क्रमांक १९७, म्हणजे पेंडिंग (वाचता न आलेले) सेक्टर, ८. रीॲलोकेटेडचा (बाद करून राखीव जागेवर हलवलेल्या सेक्टरचा) ५ नंबर शून्य. सीआरसीचा, म्हणजे डेटा ने-आण करतानाच्या चुकांचा, १९९ शून्य. १९९ वाढलेला असता तर आधी केबल बदलली असती. आठ सेक्टर म्हणजे तरी काय, आतला सेक्टर ४०९६ बाइटचा, तोच बाहेरून ५१२चे आठ दिसतो. खराब जागा एकच.

एवढ्यासाठी एमडी, म्हणजे लिनक्समधला रेड चालवणारा भाग, डिस्क हाकलत नाही. वाचन फसलं की बाकीच्या डिस्कवरून डेटा काढून त्याच जागी परत लिहितो. पण कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये वाचनाची चूक नव्हतीच. नुसतं ‘हार्ड रिसेटिंग लिंक’, म्हणजे डिस्कशी जोडणी तोडून नव्याने सुरू. स्मार्टसीटीएल या आज्ञेने एससीटी ईआरसी (अडलेला सेक्टर किती वेळ वाचत बसायचं, ती मर्यादा) तपासलं: सपोर्ट नाही. इथे उलगडा झाला. अशी डेस्कटॉप डिस्क अडलेला सेक्टर दोन-दोन मिनिटं चिवटपणे वाचत बसते, कर्नल मात्र ३० सेकंदच थांबतो आणि लिंक रिसेट करतो. डिस्क अजून त्याच नादात, तेवढ्यात एमडीचं लेखन फसतं. लेखन फसलं की हकालपट्टी. नॅसच्या (नेटवर्कवरच्या साठवण-पेटीच्या) डिस्क सहसा ७ सेकंदांत हात वर करतात.

सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग दाखवणाऱ्या फाइलींत) चौघींचा टाइमआउट १८० सेकंद केला. रीबूटनंतर तो पुसला जातो, म्हणून डिस्क दिसताच तो आपोआप लावणारा यूडेव्हचा नियमही टाकला. रिसेटच्या गोंधळात डिस्कचं नाव एसडीसीचं एसडीएफ झालं होतं, त्यामुळे डिस्क सिरियल नंबरवरूनच ओळखली. एमडीएडीएम या रेडच्या आज्ञेने ‘डिटॅच्ड’ (सुटलेल्या डिस्कची) नोंद काढली, मग री-ॲड, म्हणजे तीच डिस्क परत आत. बिटमॅप, म्हणजे कुठल्या जागा बदलल्या याची नोंद, होता, काही मिनिटांत सिंक. नसता तर अख्खे चार टीबी.

मग पुन्हा ‘चेक’, साधारण आठ तास. मध्येच वेग पार बसला, आणि लॉगमध्ये हवी ती ओळ आली: रीड एरर करेक्टेड, ८ सेक्टर. १९७ शून्यावर, ५ शून्यच, म्हणजे नव्याने लिहिल्यावर तीच जागा वाचता येऊ लागली. मिसमॅच काउंटही (डिस्कमधल्या विसंगतींची मोजणी) शून्य, तेव्हा त्या दुरुस्त करणारं ‘रिपेअर’ लावलं नाही. डिस्क आहे तिथेच आहे. ५ नंबर हलला की निघेल.