देवाच्या वाट्याची हाडं

ग्रीसमधल्या एखाद्या वेदीची राख टेबलावर आली की मी आधी हाडाचा रंग बघते. काळं असेल तर आच ३००-४०० अंशांची, पांढरंफटक असेल तर साधारण ६५० च्या पुढची. या वेळच्या पिशव्यांत सगळं पांढरं होतं. ओळखू आलेले तुकडे जवळजवळ तीनच जागचे: मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी, शेपटीचे मणके. बरगड्या नाहीत, कवटी नाही. ग्रीसमधल्याच लायकायॉन पर्वतावरच्या, देवांचा राजा झ्यूस याच्या वेदीतही हेच निघालं आहे.

प्राचीन ग्रीक कवी हेसिओद सांगतो: मेकोने नावाच्या ठिकाणी प्रोमेथियस या टायटनने (झ्यूसच्या आधीच्या देवकुळातल्याने) बैलाचे दोन वाटे केले. मांस जनावराच्या कापून काढलेल्या जठराखाली लपवलं, हाडं चकचकीत चरबीत गुंडाळली. झ्यूसने चरबीचा वाटा उचलला. तेव्हापासून माणसं देवांसाठी हाडं जाळतात. याला सगळे फसवणुकीची कथा म्हणतात. मला तो खाटकाचा हिशोब वाटतो. सोललेलं मांडीचं हाड चरबीत गुंडाळून जाळलं की धूर भरपूर होतो आणि मांस सगळं शिल्लक राहतं. वाटीचा उल्लेख कथेत नाही, पण ती सांध्याला चिकटलेली असते, म्हणून हाडाबरोबर आगीत जाते. शेपटी आगीत वर वळते. तो शुभशकुन मानत.

हे मणके हाताने वेचून मिळत नाहीत. राख २ मिलिमीटरच्या चाळणीवर पाण्याने धुवावी लागते. जुन्या उत्खननांत कित्येकांनी राख सरळ फेकून दिली आणि मग बळींवर जाडजूड ग्रंथ लिहिले!

कथेत बैल आहे, माझ्या राखेत मात्र शेळ्यामेंढ्या. बैल परवडायचा तो नगराला. अथेन्सच्या इ.स.पू. चौथ्या शतकातल्या एका शिलालेखात देवीच्या वार्षिक उत्सवासाठी ४१ म्ना (तेव्हाचं पैशांचं एकक) किमतीच्या गायी घ्यायला सांगितलंय. मांस गावागावांत वाटायचं, ज्या गावाची मिरवणुकीत जितकी माणसं त्या प्रमाणात. साध्या माणसाच्या ताटात गोमांस यायचं ते असं, नागरिक म्हणून. माणसामाणसांतल्या वाटणीबद्दल, म्हणजे जिथे खरी भांडणं व्हायची तिथे, प्रोमेथियसची कथा गप्प आहे.

एक गोष्ट अजून सुटत नाही. कित्येक शिलालेखांत पुजाऱ्याचा हक्क म्हणून कातडं आणि एक पाय लिहिलेला असतो. माझ्या पिशव्यांत मांडीची डावी-उजवी हाडं जवळपास सारखीच आहेत. मग पुजारी घरी नेत होता तो पाय मांडीचं हाड आधीच काढून घेतलेला होता, की पुढचा?