फशी कटिंग

दुपारचे दोन वाजलेत. जमिनीवर छापील कापड पसरलंय आणि त्यावर मी पालथी पडलेय. नाकासमोर दोन छोटे आरसे, पाठीमागून चिकटपट्टीने जोडलेले, अर्धवट उघडलेल्या वहीसारखे उभे. त्यांच्या बेचक्यात निळ्या शेपटीचा एक पक्षी. आरसे हळूहळू मिटत आणले, कोन साठ अंशांवर आला, की एका पक्ष्याचे सहा होतात आणि फेर धरतात. आरसे जरा सरकवले की पक्षी गायब, नुसत्या चोचींचं फूल. आणखी सरकवले की पानं. मग एकदम सहा डोळे! दचकायला होतं. तासभर माझं हेच चाललंय. घरातली माणसं मला ओलांडून जातात, पण काय करतेस म्हणून कुणी विचारत नाही. विचारून झालंय त्यांचं.

कापडाचे षटकोनी तुकडे हाताने जोडून गोधडी करायची, हे ते वेड. ज्यांना ते लागलंय त्यांना नव्याने काय सांगायचं? जाड कागदाचा षटकोन, त्यावर कापड, सहाही बाजूंनी पाव इंच माया मागे दुमडून कच्चा दोरा. मग कडेला कड लावून बारीक टाके. मधे एक, भोवती सहा, की झालं फूल. एका फुलाला बारा शिवणी, आणि एकही मशीनवर नाही. शिवणीत सोडलेल्या जादा कापडाला ‘माया’ कुणी पहिल्यांदा म्हटलं असेल? वरून दिसत नाही, पण कमी पडली की सगळं उसवतं. शब्दकोश करणाऱ्या पंडितांचं हे काम नव्हे. हे एखाद्या शिंप्यालाच सुचलं असणार, तेही तोंडात टाचण्या धरलेल्या असताना.

आता नुसते षटकोन कापायचे तर कापड कुठूनही कापावं. पण आम्हाला बरोबर तोच पक्षी हवा असतो, बरोबर मध्यावर, प्रत्येक तुकड्यात तसाच. याला फसी कटिंग म्हणतात. मी मनातल्या मनात ‘फशी कटिंग’ म्हणते, कारण यात माणूस फशी पडतोच पडतो. पहिल्यांदा पाडतात ते हे आरसे. आरशात दिसतं ते सगळं उलटसुलट. एक पक्षी डावीकडे बघतो, त्याच्या शेजारचा उजवीकडे, त्यामुळे चोचीला चोच लावून बसलेल्या तीन जोड्या दिसतात. अगदी लोभस. पण कापडावरचे पक्षी छापणाऱ्याने सगळे एकाच दिशेला तोंड करून बसवलेले असतात. ते सहा कापून गोलात लावले की जोड्याबिड्या काही नाही, जो तो पुढच्याच्या शेपटीमागे. हे मला कळलं ते पहिलं फूल पूर्ण झाल्यावर. तेव्हापासून मी दोन्ही बाजूंनी सारखी असलेली नक्षी शोधते, म्हणजे सरळ समोर बघणारं फूल किंवा पंख पसरलेलं फुलपाखरू. आणि तरी पुन्हा पुन्हा पक्ष्यांवरच जाते.

आणि मग ती भोकं. मीटरभर कापडातून सहा पक्षी वेचून काढले की जे उरतं त्याला कापड म्हणवत नाही. उंदरांनी सभा भरवून, ठराव पास करून कुरतडलं असावं तसं दिसतं ते. मी ते घडी घालून कपाटात तळाशी ठेवते. कुणी पाहू नये म्हणून.

याला कारण आहे.

मी सात वर्षांची असताना आत्याने पडद्यांसाठी कापड आणलं होतं. फांदीवर पक्षी, पुन्हा फांदी, पुन्हा पक्षी. ते मशीनच्या फळीवर घडी करून ठेवलेलं होतं. मशीनखालची, पायपट्टीच्या मागची जागा माझी. तिथे दोऱ्याच्या रिकाम्या रिळांचं माझं गाव होतं, आणि गावाला पक्षी नव्हता. आत्याची मोठी कात्री मला दोन्ही हातांनी उचलावी लागायची. ती उचलली, घडीच्या वरच्याच पदरातून एक चौकोन कापला आणि पक्षी गावात नेऊन ठेवला. कापड कापताना येणारा तो खरखर आवाज अजून कानात आहे. चोरीचाच आवाज तो. कागदाचा तसा येत नाही.

आत्याने कापड उलगडलं तेव्हा भोक बरोबर मधोमध आलं. ती त्या भोकातून माझ्याकडे बघत राहिली. पडद्याला खिडकी असावी तशी, चौकोनात आत्याचा एक डोळा आणि अर्धं नाक. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, “पक्षी आण इकडे.” मी आणून दिला. रात्री तिने तो भोकावर बसवून चारी बाजूंनी शिवून टाकला. कडा दुमडायला माया नव्हतीच, म्हणून खालून दुसरं कापड लावून वरून दाट टाके घातले. सकाळी पडदा खिडकीला लागला. त्यात सगळे पक्षी फांदीवर बसलेले होते आणि एक खाली डोकं वर पाय.

तो पडदा कित्येक वर्षं त्या खिडकीला होता. पाहुण्यांना कधी दिसलं नाही. मला त्याशिवाय दुसरं काही दिसायचं नाही. रात्री दिव्याच्या उजेडात तर तो चौकोन जाड कापडामुळे काळा दिसायचा. घाईत चुकून उलटा लागला, की मला रोज दिसावा म्हणून मुद्दाम लावला? आत्याला विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तरी तिने “कुठला पडदा?” म्हटलं असतं. तशीच होती ती.

असो. कागदांबद्दल सांगायचं होतं. इंग्लंडमध्ये एक रेशमी तुकड्यांची गोधडी जपून ठेवलेली आहे. तिच्यावर 1718 हे साल आणि शिवणारीच्या नावाची दोनच आद्याक्षरं आहेत. तिच्यातही पक्षी, प्राणी, माणसं आहेत. पण मला मोह आहे तो आतल्या कागदांचा. ते अजून तसेच आत आहेत. शिवून झाल्यावर कागद काढायचे असतात, पण पुष्कळ जुन्या कामांत ते राहून गेलेत: कुणाच्या पत्राचे तुकडे, कुणाचे हिशेब, मुलांच्या वहीतली अक्षरं. अभ्यासक त्यावरून गोधडीचं वय काढतात. माझ्या षटकोनांत आहेत बँकेची पत्रं. चांगला जाड कागद पाठवतात, फुकट जाऊ कशाला द्यायचा? तीनशे वर्षांनी कुणी माझी गोधडी उसवली तर प्रत्येक पाकळीच्या पोटातून ‘प्रिय ग्राहक’ निघेल. मी कुणाची तरी फार लाडकी होते अशी समजूत होईल.

लुसी बॉस्टन नावाच्या बाईंचं मला नवल वाटतं. जन्म 1892 चा, वारल्या 1990 मध्ये. केंब्रिजजवळच्या हेमिंगफर्ड ग्रे गावात बाराव्या शतकातल्या दगडी घरात राहायच्या. उन्हाळा बागेत घालवायचा आणि हिवाळ्यात ठिगळं जोडायची, असा त्यांचा शिरस्ता. लांबट षटकोनांचे क्रूस मांडून त्यांनी जी गोधडी केली, तिची नक्कल आज जगभर चालू आहे. तिच्यात कापडावरची नक्षी अशी नेमकी बसवलीय की जोड कुठे आणि छाप कुठे हे कळत नाही. तिचे फोटो मोठे करून करून मी पाहिलेत. त्यांच्या कपाटातलं भोकांचं कापड मात्र कुठल्या फोटोत नाही. ते त्यांनी कुठे ठेवलं असेल, एवढंच मला विचारायचं होतं.

तर आजचं फूल. पाच पक्षी अखंड मिळाले. सहाव्याची शेपटी कापडाच्या किनारीत जात होती, आणि किनार वापरू नये, तिथली वीण घट्ट असते, सुई नीट जात नाही. पण त्या अर्ध्या शेपटीवर माझा जीव अडकला. ती कागदावर बसेल कशी, वाचेल किती, माया पाव इंचाऐवजी दोन दोरे तरी सुटेल का, यातच सगळी दुपार गेली. सुटली. बसली. सहावा षटकोन जोडला, दोरा तोडला, फूल उलटं करून मधला कागद काढला, बोटाने इस्त्री केल्यासारखं दाबलं आणि हात लांब करून पाहिलं.

पाच पक्ष्यांचे पाय मधल्या षटकोनाकडे. सहाव्याचं डोकं.

शेपटी मात्र सुरेख वाचलीय, हे म्हटलं पाहिजे.

तीन कडा उसवाव्या लागतील. दोरा जवळच्या रंगाचा वापरल्यामुळे टाके दिसतसुद्धा नाहीत, आणि उसवताना त्या किनारीजवळच्या दोन दोऱ्यांच्या मायेचं काही खरं नाही. उसवू की राहू देऊ, ते अजून ठरलेलं नाही. तूर्त सुई सापडत नाहीये. मघापर्यंत माझ्या हातात होती. म्हणून मी चपला घालून घरात फिरतेय, आणि आता मात्र सगळे विचारतायत, काय झालं म्हणून.