अंगावरची क्लुफ्ट, हीच पत

जर्मनीत सुतारकाम, गवंडीकाम किंवा असेच एखादे हस्तकौशल्य शिकून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुण कारागिराने घर सोडून निदान तीन वर्षे आणि एक दिवस परमुलखात काम करत हिंडायचे, ही प्रथा मध्ययुगापासून चालत आलेली आहे; तिला ‘वाल्त्स’ म्हणतात. एकेकाळी उस्ताद व्हायचे तर ही भटकंती बहुतेक व्यवसायांत सक्तीची होती. आज ती पूर्णपणे ऐच्छिक असून काही शे कारागीरच ती पत्करतात. निघणारा अविवाहित, निपुत्रिक, कर्जमुक्त आणि साधारणपणे तिशीच्या आतला असावा लागतो, आणि या काळात त्याला आपल्या गावाच्या ५० किलोमीटरच्या परिघात पाऊल टाकता येत नाही.

मला यात सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो तो त्यांचा पोशाख, म्हणजे ‘क्लुफ्ट’. जाड काळ्या कॉर्डुरॉयची बेलबॉटम विजार, जाकीट, त्यावर कोट, आत बिनकॉलरचा पांढरा सदरा आणि डोक्यावर रुंद काठाची काळी हॅट, हा सुताराचा वेश. गवंड्याची क्लुफ्ट फिकट राखाडी किंवा बदामी, तर लोहारकाम करणाऱ्याची निळी असते. जाकिटाची आठ बटणे म्हणजे दिवसाचे आठ तास आणि कोटाची सहा म्हणजे आठवड्याचे सहा दिवस, असा अर्थ सांगितला जातो. आठ तासांचा दिवस जर्मनीत १९१८ मध्ये आला, हे ध्यानात घेता हा अर्थ मागाहून जोडलेला असावा, असे मला वाटते. विजारीच्या पसरट पायांचे कारण मात्र रोकडे आहे: लाकडाचा भुसा बुटांत जात नाही.

प्रवासासाठी आणि मुक्कामासाठी शक्यतो पैसे मोजायचे नाहीत, मोबाइल जवळ बाळगायचा नाही, अशा नियमांनी बांधलेला माणूस अनोळखी गावात कोणाच्या भरवशावर उतरतो, या प्रश्नाचे उत्तर क्लुफ्टमध्ये आहे. ती पाहून गाडीवाला त्याला पुढच्या गावापर्यंत सोडतो आणि कारखानदार काम देतो. ते काम फुकटचे नसते, प्रचलित दरानेच मजुरी घ्यायची असते. ही पत एकट्याची नसून आधी येऊन गेलेल्या सगळ्यांनी कमावलेली असते. म्हणूनच पुढच्याला दार बंद होईल असे वर्तन करायचे नाही, हा दंडक कडक आहे. पूर्वी गैरवर्तन करणाऱ्याच्या कानातली बाळी ओढून कान फाडत, असे सांगतात.

हातात पीळदार काठी, ‘शार्लोटेनबुर्गर’ नावाच्या कापडात बांधलेली हत्यारे व कपडे, आणि जिथे जाईल तिथल्या नगरपालिकेचा शिक्का घेण्यासाठी एक वही, एवढेच सामान असते. निघताना खिशात पाच युरो असावेत आणि परतताना तेवढेच उरावेत, असा संकेत आहे. भटकंतीत धन साठवायचे नाही, तसे ते उधळायचेही नाही.

या कारागिरांच्या संघटनांना ‘शाख्त’ म्हणतात आणि सदस्याच्या गळ्यातल्या टायच्या रंगावरून त्याचा शाख्त ओळखता येतो. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘रोलांडशाख्त’सारख्या जुन्या संघटनांत केवळ पुरुषांनाच प्रवेश आहे, आणि ही अट मला पटत नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘आक्स्ट उंड केले’ने स्त्रियांनाही सामावून घेतले. कोणत्याही शाख्तात न जाता स्वतंत्रपणे निघणाऱ्या स्त्रियाही आहेत. त्यांच्या क्लुफ्टची बटणे तितकीच असतात आणि ५० किलोमीटरची अट त्यांनाही लागू असते.